मधल्या थ्रॉटलला इंजिन दबतं आणि मेन जेट बदलूनही फरक पडत नाही

कार्बोरेटर असलेल्या रेस गाड्यांची ही तक्रार ठरलेली असते. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल अर्धा उघडला की इंजिन दबतं, जरा वेळ घुटमळतं आणि मग एकदम उचलतं. पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमपर्यंत काहीच तक्रार नाही. मग मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारं मुख्य भोक) एक नंबर वाढवून पाहिला जातो, एक नंबर कमी करून पाहिला जातो, नीडलची (पेट्रोलची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या निमुळत्या सुईची) क्लिप एक खाच वर-खाली होते. दोन-चार सेशन बरी जातात आणि दोष परत हजर.

असं होतं, कारण ‘मधला पट्टा’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे थ्रॉटलचा मधला भाग आणि दुसरी म्हणजे आरपीएमचा मधला भाग. स्लाईड कार्बोरेटरला, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर सरकून हवेची वाट उघडणारी झडप असलेल्याला (मिकुनी व्हीएम, टीएम, केहिन पीडब्ल्यूके, एफसीआर वगैरे) इंजिन किती फिरतंय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. कोणतं सर्किट, म्हणजे पेट्रोलची कोणती वाट, पेट्रोल देणार हे स्लाईड किती वर आहे यावर ठरतं. बंद ते एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाईडचा कटअवे (खालच्या कडेचा काप), पाव ते पाऊण नीडल आणि नीडल जेट (नीडल ज्यात वर-खाली होते ते भोक), आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमारेषा धूसर असतात, पण अर्ध्या थ्रॉटलच्या दोषावर मेन जेट हे उत्तर नाही, एवढं यातून पक्कं कळतं.

म्हणून पहिलं काम जेटची डबी उघडणं नव्हे. दोष थ्रॉटलला चिकटलेला आहे की आरपीएमला, हे आधी शोधायचं.

थ्रॉटलवर खुणा करून घ्या, पण ग्रिप किती फिरली यावरून अंदाज बांधू नका. बऱ्याच रेस थ्रॉटलमध्ये कॅमचा आकार असा असतो की ग्रिप अर्धी फिरली तरी स्लाईड अर्धी वर येत नाही. एअर फिल्टर काढून स्लाईडखाली ड्रिल बिटची मागची दांडी सरकवा. ३४ मि.मी.च्या कार्बोरेटरला पाव म्हणजे ८.५ मि.मी., अर्धा म्हणजे १७ आणि पाऊण म्हणजे २५.५. प्रत्येक वेळी ग्रिपवर आणि तिच्या हाउसिंगवर पांढऱ्या टेपची बारीक रेघ मारा.

मग डायनोवर (गाडी जागेवर लोडखाली चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा रिकाम्या ट्रॅकवर तीन चाचण्या:

१. तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल अर्ध्या खुणेवर धरून ठेवा आणि इंजिनला खालून वर ओढू द्या. हेच चौथ्या गिअरमध्ये करा.
२. त्याच आरपीएमच्या पट्ट्यातून पूर्ण थ्रॉटलने जा.
३. अर्ध्यावर स्थिर चाललेलं असताना थ्रॉटल झटक्यात पूर्ण उघडा, आणि नंतर तेवढंच सावकाश उघडून पाहा.

अर्ध्या थ्रॉटलला सगळ्या आरपीएमवर दबतं आणि पूर्ण थ्रॉटलला नाही, तर दोष नीडलच्या सर्किटमध्ये आहे. पूर्ण थ्रॉटललाही, कोणत्याही गिअरमध्ये, ठरावीक आरपीएमलाच दबतं, तर तो इनटेक-एग्झॉस्टचा मामला आहे, त्याबद्दल पुढे. फक्त झटक्यात उघडल्यावर अडखळतं आणि सावकाश उघडल्यावर नाही, तर ॲक्सिलरेटर पंप (थ्रॉटल उघडताना जादा पेट्रोल फवारणारा) किंवा कटअवे पाहायचा, नीडलला हातच लावायचा नाही. पंपाची फवारणी स्लाईड उठताक्षणी सुरू होते का आणि ती स्लाईडच्या कडेवर आपटत तर नाही ना, हे बेलमाऊथमधून (हवा आत शिरते त्या तोंडातून) डोळ्यांनी दिसतं. पंपाची दांडी गंजून अर्धवट अडकलेली सापडणं अजिबात दुर्मीळ नाही.

जेटला हात लावण्याआधी

कंटाळवाणं आहे, पण यात निम्मे दोष मिटतात.

फ्लोटची उंची. फ्लोट म्हणजे बाऊलमधल्या (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतल्या) पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. कार्बोरेटर इतपतच तिरका करा की फ्लोटची जीभ व्हॉल्व्हच्या पिनला नुसती टेकेल, आतली स्प्रिंग दबणार नाही. उलटा करून मोजलं तर स्प्रिंग दबते आणि माप चुकतं. बाऊलमधली पातळी एक मिलिमीटरने खाली गेली तरी पेट्रोलला नीडल जेटमधून वर चढायला तेवढा जास्त ओढा लागतो आणि मधला थ्रॉटल लीन (पेट्रोल कमी) होतो. पातळी वर असेल तर पाव थ्रॉटलला रिच (पेट्रोल जास्त) आणि वळणात ओव्हरफ्लो. मल्टी-कार्ब इंजिनवर सगळ्या बाऊलची उंची एकसारखी नसेल, तर पुढचं सगळं ट्यूनिंग व्यर्थ.

बाऊलच्या व्हेंट (हवेच्या) नळ्या. दुमडलेल्या, चिखलाने बंद झालेल्या किंवा थेट वाऱ्यात उघडणाऱ्या नळ्या वेगाबरोबर मिक्स्चर बदलतात. स्टँडवर गाडी ठीक आणि ट्रॅकवर दबते, तेव्हा या आधी पाहाव्यात.

हवेची गळती. इनटेक रबरची भेग बाहेरून दिसत नाही. रबर काढून हातात वाकवावं लागतं. टू-स्ट्रोक असेल तर इनटेक आणि एग्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये ०.४ बार दाब भरा. मिनिटाला ०.०७ बारपेक्षा जास्त उतरला तर सील किंवा गॅस्केट गळतंय. ते दुरुस्त होईपर्यंत जेटिंग करू नका. गळती झाकायला मोठा जेट घातलेलं टू-स्ट्रोक पुढे पिस्टन धरतंच.

स्पार्क. लोड येताच मिसिंग, म्हणजे मिक्स्चर बिघडलं, असं नेहमी नसतं. सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त टॉर्कच्या जागी असतो आणि कमकुवत कॉइल तिथेच हार मानते. नवा प्लग घाला, गॅप ०.६ मि.मी.पर्यंत कमी करा आणि परत चालवा. दोष बदलला तर तो कार्बोरेटरचा नव्हता. टायमिंग लाईट लावून ॲडव्हान्स (स्पार्क किती आधी पडतो ते) मधल्या आरपीएमला खरंच तेवढा होतोय का, हेही पाहून घ्या.

रिच की लीन

कानावर एकट्याने विसंबू नये, कारण दोन्हीकडे इंजिन दबतंच. लीन असताना दबणं कोरडं असतं: कार्बोरेटरमधून मागे फटके येतात, इंजिन तापतं, थ्रॉटल थोडा मागे घेतला की उलट बरं चालतं. रिच असताना आवाज घोगरा आणि भरलेला होतो, टू-स्ट्रोक एकाआड एक फायर करतं, आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर त्रास वाढतो. थंड इंजिनवर नाही पण गरम झाल्यावर दबतं, हे रिचचं ठळक लक्षण.

खात्री करायला चोक किंचित ओढून त्याच अर्ध्या खुणेवर चालवा. सुधारलं तर लीन. उलट दिशेने, फोर-स्ट्रोकवर पेट्रोलचा कॉक बंद करून अर्ध्या थ्रॉटलला चालवत राहा. बाऊल रिकामा होत जाईल तसं मिक्स्चर लीन होत जातं. बंद पडण्याआधी काही सेकंद इंजिन मोकळं झालं, तर आधी ते रिच होतं. टू-स्ट्रोकवर ही चाचणी लोडखाली करू नका.

लॅम्बडा मीटर (एग्झॉस्टवरून मिक्स्चर मोजणारा; १ च्या खाली रिच, वर लीन) असेल तर आरपीएम आणि थ्रॉटल पोझिशन सोबत लॉग करा. नुसत्या लॅम्बडाच्या आकड्यावरून सर्किट कळत नाही. ताकदीसाठी ०.८६ ते ०.९० लॅम्बडा, म्हणजे साध्या पेट्रोलवर १२.६ ते १३.२ ला १. इथेनॉल मिसळलेल्या किंवा ऑक्सिजनयुक्त रेस पेट्रोलवर एअर-फ्यूएलचे आकडे फसवतात, म्हणून लॅम्बडातच बोललेलं बरं. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेली ताजी हवा एग्झॉस्टमधून निसटते आणि मीटर आहे त्यापेक्षा लीन दाखवतो. तिथे प्लग आणि पिस्टनचा माथा हेच जास्त विश्वासाचे.

जेटिंगचा क्रम

मेन जेट आधी. हे वरच्या बोलण्याशी विसंगत वाटेल, पण नीडल जेटला येणारं सगळं पेट्रोल मेन जेटमधूनच येतं. मेन नंतर बदलला तर नीडलचं वरचं टोक परत बिघडतं. पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमला मेन पक्का करा आणि मग त्याला विसरा. मिकुनीचे मोठे षट्कोनी मेन जेट प्रवाहावर मोजलेले असतात आणि केहिनचे भोकाच्या व्यासावर, त्यामुळे एकाचा १५० म्हणजे दुसऱ्याचा १५० नव्हे. डबीत दोन्ही मिसळले की गोंधळ ठरलेला.

आता नीडल. इथे थोडा हिशेब केला की क्लिप सरकवण्याचे निम्मे प्रयोग वाचतात.

समजा नीडल जेट पी-४ आहे. मिकुनीच्या मापात पी-० म्हणजे २.६५० मि.मी. आणि प्रत्येक आकड्याला ०.००५ वाढतात, म्हणजे पी-४ झाला २.६७०. नीडलचा वरचा सरळ भाग २.५१० मि.मी. धरू. दोहोंच्या मधली कंकणाकृती फट ०.६५ चौ. मि.मी. येते. खाली १.५० मि.मी. व्यासाचा मेन जेट असेल तर त्याचं भोक १.७७ चौ. मि.मी. म्हणजे पाव थ्रॉटलला पेट्रोल नीडलपाशी अडलेलं असतं. मेन वाढवून वर काय पोचणार? नीडल निमुळती होत होत साधारण २.२१ मि.मी.वर आली, की तिथे फट आणि मेनचं भोक सारखं होतं. मेनची सत्ता तिथून पुढे.

दुसरी गोष्ट क्लिपची. खाचा वरून मोजतात: सगळ्यात वरची पहिली, ती सगळ्यात लीन. क्लिप खाली नेली की नीडल वर उचलली जाते आणि मिक्स्चर रिच होतं. पण जोवर नीडल जेटमध्ये नीडलचा सरळ भाग आहे, तोवर ती एक मिलिमीटर वर घेतली काय आणि खाली केली काय, फट तेवढीच राहते. क्लिपने फक्त निमुळता भाग कुठे सुरू होतो ते सरकतं. म्हणून पाव थ्रॉटलचा दोष क्लिपने जात नाही. त्यासाठी नीडल जेट बदलावा लागतो किंवा वेगळ्या व्यासाची नीडल. वरच्या उदाहरणात पी-४ काढून पी-२ घातला तर पाव थ्रॉटलला फट सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते. केहिनमध्ये सहसा नीडल जेट तोच ठेवून नीडलचा व्यास ०.०१ मि.मी.च्या पायऱ्यांनी बदलतात.

अर्ध्या थ्रॉटलला मात्र क्लिप कामाची. ६डीएच२ सारख्या नीडलमध्ये पहिला आकडा लांबीचा गट, पहिलं अक्षर वरचा निमुळतेपणा आणि दुसरं खालचा. ए म्हणजे पाव अंश आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला पाव अंश वाढतो, म्हणजे डी एक अंश आणि एच दोन. एक अंशाच्या भागात नीडल एक मिलिमीटर उचलली की त्या जागचा व्यास सुमारे ०.०१७ मि.मी.ने कमी होतो आणि अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल अंदाजे ६ टक्के वाढतं. दोन खाचांतलं अंतरही साधारण तेवढंच असतं. म्हणजे एक खाच हा काही बारीक बदल नव्हे. ३ टक्के हवे असतील तर क्लिपखाली ०.५ मि.मी. जाडीची वॉशर टाका.

अर्ध्याला लीन आणि पाऊणला रिच, किंवा उलट, असं निघालं तर कोणतीच खाच दोन्ही जागा भरून काढणार नाही. तिथे निमुळतेपणाचं अक्षर बदलावं लागतं.

कटअवे शेवटी पाहा, आणि फक्त पाव थ्रॉटलच्या खालचा अडखळा उरला असेल तरच. आकडा मोठा म्हणजे कापलेला भाग मोठा म्हणजे लीन. पायलट जेट बरोबर असेल तर एअर स्क्रू एक ते अडीच फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतो. स्क्रू स्लाईडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की लीन; इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की रिच. हे उलटं धरून दिवस वाया घालवणारे पुष्कळ.

ठीक केलेला दोष परत का येतो

मुख्य कारण झीज. थ्रॉटल अर्धा असताना नीडल हवेच्या ओढीने इंजिनच्या बाजूला रेलते आणि कंपनाने पितळी नीडल जेटच्या भिंतीवर अखंड घासत राहते. भोक हळूहळू अंडाकृती होतं. वरच्याच उदाहरणात भोक सरासरीने फक्त ०.०२ मि.मी. वाढलं तरी पाव थ्रॉटलची फट ०.६५ वरून ०.७४ चौ. मि.मी. होते, म्हणजे जवळपास १३ टक्के जास्त पेट्रोल. कुणी क्लिप वर घेऊन ते झाकतो, अर्धा थ्रॉटल लीन होतो, पाव तसाच रिच राहतो, आणि झीज चालूच असते.

हे व्हर्नियरने सापडत नाही. नीडल जेट काढून उजेडासमोर धरा आणि भिंगातून पाहा: एका बाजूला चकचकीत चट्टा आणि कडेला धार आलेली दिसते. नीडलचा सरळ भाग मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. दोन मापांत ०.०१ मि.मी. फरक आला तरी ती बाद. ॲनोडाइझ केलेल्या नीडलचा रंग एका रेषेत उडालेला दिसला तरी हेच समजा. नीडल आणि जेट जोडीनेच बदला, जुन्या जेटमध्ये नवी नीडल घालून काही साधत नाही. क्लिप नीडलवर सैल हलत असेल किंवा नीडल दाबून ठेवणारी स्प्रिंग मेली असेल, तर नवी जोडीही लवकर झिजते.

दुसरं कारण हवामान, आणि इथे हात जरा आखडताच ठेवावा. हवेचा दाब तोच असताना तापमान १५ अंशांवरून ४० वर गेलं तर हवेची घनता ८ टक्क्यांनी घटते. पण मिक्स्चर ८ टक्के रिच होत नाही, त्याच्या निम्मं, सुमारे ४ टक्के होतं. हवा पातळ झाली की पेट्रोल ओढणारा दाबही कमी होतो. व्यासावर मोजलेल्या जेटला हे २ टक्के पडतात, म्हणजे १५० चा १४७ किंवा १४८. नीडलसाठी अर्धी खाच पुरते. सकाळच्या गारव्यात नीट केलेली गाडी दुपारी घोगरी झाली म्हणून दोन खाचा हलवायच्या नाहीत.

तिसरं, फेस. कार्बोरेटर इंजिनला घट्ट बोल्ट केलेला असेल तर ठरावीक आरपीएमला कंपनाने बाऊलमधल्या पेट्रोलला फेस येतो आणि जेटमध्ये बुडबुडे जातात. लक्षण लीनचं, जेट मोठा केला तरी पूर्ण जात नाही. रबर माउंटिंग लावा, आणि मागून आधार दिला असेल तर तोही रबरातून द्या.

दोष आरपीएमला चिकटलेला असेल तर

लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम असलेल्या रेस इंजिनवर हे हमखास दिसतं. मधल्या आरपीएमला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि भरलेलं मिक्स्चर परत कार्बोरेटरमधून बाहेर ढकललं जातं. मग तीच हवा पुन्हा आत येते. म्हणजे ती नीडल जेटवरून तीनदा जाते, आत, बाहेर, आत, आणि दर वेळी पेट्रोल उचलते. डायनोवर बाजूने पाहिलं तर बेलमाऊथच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसतं. समोर चेहरा नेऊ नका आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

लॅम्बडा लॉगवर हा एका अरुंद पट्ट्यातला रिच खड्डा असतो, समजा ५२०० ते ६००० मध्ये, आणि दोन्हीकडे सगळं ठीक. तो भरायला मेन जेट लहान केला तर वरच्या आरपीएमला लीन होऊन पिस्टन जळेल. जेटिंगने हा दोष जात नाही. इनटेकची लांबी बदला: बेलमाऊथ किंवा मॅनिफोल्ड २०-२५ मि.मी.ने वाढवून पाहिला की खड्डा सरकताना दिसतो. एग्झॉस्टच्या प्राथमिक पाइपची लांबी आणि कॅमचं टायमिंगही तपासा. पुष्कळदा खरं कारण त्याहून साधं असतं: कार्बोरेटरच गरजेपेक्षा मोठा. मोठ्या भोकातून हवा सावकाश जाते, नीडल जेटला ओढा मिळत नाही आणि मधला पट्टा पोकळ राहतो. सर्वाधिक ताकदीत थोडं सोडून दोन मिलिमीटर लहान कार्बोरेटर बसवला, तर वळणांच्या ट्रॅकवर लॅप टाइम बहुधा सुधारतो.

वेबर डीसीओईची जोडी

दोन-दोन नळ्यांच्या या कार्बोरेटरांत नीडल नाही, त्यामुळे मधल्या पट्ट्याची वाटणी वेगळी. हलक्या थ्रॉटलला आयडल जेट आणि प्रोग्रेशनची (आयडलवरून मेनपर्यंत पोचवणारी) भोकं, पुढे मेन, इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी नळी) आणि एअर करेक्टर (त्या हवेचा जेट). सुरुवातीला व्हेंचुरीच्या (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याच्या) मिलिमीटरला चारने गुणा: ३६ च्या व्हेंचुरीला १४५ च्या आसपास मेन, आणि एअर करेक्टर त्यापेक्षा ५० ने मोठा. हा फक्त सुरुवातीचा अंदाज.

आयडलवरून मेनवर जाताना, सहसा २५०० ते ३५०० च्या दरम्यान, दबत असेल तर आधी आयडल जेट ५ ने वाढवून पाहा. न गेल्यास मेन उशिरा सुरू होतोय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा मोठी व्हेंचुरी. ती दोन मिलिमीटर लहान केली की ओढा लवकर मिळतो. एअर करेक्टरचा प्रभाव वरच्या आरपीएमला जास्त असतो, मधला पट्टा सुधारायला तो फिरवत बसू नका. इमल्शन ट्यूब सगळ्यात शेवटी, आणि चारही एकदम.

पण या जोडीवर सगळ्यात आधी सिंक्रोनायझेशन, आणि ते फक्त आयडलला जुळवून पुरत नाही. एअरफ्लो मीटरने आयडलला बरोबर करा, मग लिंकेज पाव थ्रॉटलला धरून परत मोजा. लिंकेजच्या सांध्यात ढिलाई असेल किंवा दांडा पिळत असेल, तर आयडलला सारखे असलेले दोन कार्बोरेटर पावला वेगळे निघतात. एक जोडी प्रोग्रेशनवर आणि दुसरी मेनवर चालते, आणि बाहेरून ते हुबेहूब लीन जेटसारखं वाटतं. केबल असलेल्या बाइकच्या मल्टी-कार्बलाही हेच लागू आहे. तिथे स्लाईडची उचल आधी बेंचवर ड्रिलच्या दांडीने सारखी करावी आणि मग व्हॅक्यूम गेज लावावेत.

प्रत्येक बदलाबरोबर वहीत पाच गोष्टी लिहा: हवेचं तापमान आणि दाब, पेट्रोलचा प्रकार, मेन आणि पायलट, नीडलचा कोड आणि खाच, फ्लोटची उंची. नीडल जेट कधी घातला ती तारीखही त्याच ओळीत ठेवा. पुढच्या वेळी पाव थ्रॉटलला घोगरेपणा आला की आधी ती पाहायची.